रोप लावण्याआधी पावलं मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या बागकामाच्या सदरात एका वाचकाचा प्रश्न छापून आला होता. मोठ्या झाडाखालची जागा, दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, गवत काही टिकत नाही, तर काय लावावं? उत्तरात सावलीत वाढणाऱ्या सहा वनस्पतींची नावं दिली होती. सहाही नावं बरोबर आहेत. त्यातल्या चार मी स्वतः लावून मारलेल्या आहेत, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त आरेखक आहे. 37 वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. आमच्या इमारतीच्या मागे एका जुन्या, डेरेदार आंब्याखाली 18 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच ‘तुम्हाला आता वेळ आहे’ असं म्हणून ती माझ्या गळ्यात घालण्यात आली. त्यानंतरची पहिली दोन वर्षं मी ज्याला बागकाम समजत होते, ती नुसती खरेदी होती. रोप आणायचं, लावायचं, मेलं की दुसरं आणायचं.

सुरुवात हरळीपासून केली. हरळीची मुळी म्हणजे चिवटपणाची कमाल, असं लहानपणापासून ऐकलेलं. शेतातून ती काढता काढता माणसं थकतात, मग आपल्या अंगणात ती का रुजणार नाही? रुजली. तीन आठवडे हिरवीगार दिसली. मग तिची पाती लांब, फिकट आणि विरळ होत गेली आणि चौथ्या महिन्यात पुन्हा माती दिसू लागली. कारण नंतर कळलं. हरळी उन्हाची आहे. दिवसाला निदान सहा-सात तास थेट ऊन मिळालं तर ती चिवट. सावलीत तिच्याइतकं नाजूक गवत शोधून सापडणार नाही.

झाडाखालची सावली आणि भिंतीची सावली एकच नसते, हेही मला ठाऊक नव्हतं. भिंतीच्या सावलीत मोकळ्या आकाशाचा उजेड तरी येतो. झाडाची पानं प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग, म्हणजे नेमका झाडांच्या खाण्याचा भाग, शोषून घेतात आणि त्यांना निरुपयोगी असलेला, तांबड्याच्या पलीकडचा भाग खाली सोडतात. खालच्या गवताला यावरून कळतं की डोक्यावर कुणीतरी आहे. मग ते उंच होऊन उजेड गाठायची धडपड करतं. शिल्लक टाकायची ती पुंजी लांबीवर खर्च होते, मुळं तोकडी राहतात, पात्यांच्या पेशीभित्ती पातळ होतात. अशा गवतावर पाय पडला की ते चिरडतं आणि पुन्हा उठायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. ते कमी उंचीवर कापलं तर आणखी वाईट, कारण उरलीसुरली पानंही जातात. मी ते अगदी बुंध्यापर्यंत कापत होते. दिसायला छान दिसायचं, दोन दिवस.

दुसऱ्या वर्षी रुंद पानांचं कार्पेट गवत आणलं. सावली खरंच सोसणारं. यावेळी अर्धं यश आलं, आणि त्या अर्ध्या यशानेच मला शहाणं केलं. सगळीकडे बऱ्यापैकी हिरवळ धरली, पण फाटकापासून जिन्यापर्यंत एक तिरका पट्टा उघडाच राहिला. इतका रेखीव की मी टेप लावून मोजला: रुंदी 90 सेंटीमीटर. इतक्या वर्षांत इतकी सरळ रेघ मी पट्टीशिवाय काढलेली नाही.

समितीने तिथे पाटी लावली: ‘हिरवळीवर चालू नये’. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी एकदा ती दाखवली, तर ते म्हणाले, “ताई, मी हिरवळीवर चालत नाही, मी घरी जातो.” त्या दिवशी मी पाटी काढली आणि कागद पेन्सिल घेऊन गच्चीवर जाऊन बसले.

दोन नकाशे काढले. पहिला उन्हाचा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला उन्हाच्या कडेवर फक्की मारायची आणि ती रेघ कागदावर उतरवायची. दुसरा पायांचा. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, जो जिथून जाईल तिथे एक रेघ. शेजाऱ्यांना वाटलं मी कुणावर तरी पाळत ठेवते आहे. ठेवतच होते. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले आणि दोन वर्षांचं कोडं सुटलं. दहातली आठ माणसं त्या तिरक्या पट्ट्यातूनच जात होती, आणि त्या पट्ट्याच्या मधल्या भागाला थेट ऊन दीड ताससुद्धा मिळत नव्हतं. सर्वात जास्त पाय आणि सर्वात कमी ऊन एकाच ठिकाणी. तिथे मी रोपामागून रोप घालत होते.

आता पाय म्हणजे नेमकं काय, याचाही हिशेब केला. आलेख कागदावर चप्पल ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि चौकोन मोजले: 168 चौरस सेंटीमीटर. माझं वजन 58 किलो. एका पायावर उभी राहिले तर दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 350 ग्रॅम भार. पण चालताना आधी टाच टेकते, तिचा टेकणारा भाग मोजला तर 40 चौरस सेंटीमीटर भरला, म्हणजे क्षणभर भार चौपट. हे दिवसातून काही शे वेळा, तेही वर्षभर.

मातीत साधारण निम्मी जागा मोकळी असावी लागते. त्या पोकळीत काही भाग हवा, काही भाग पाणी. पायाखाली आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, आणि हवा खेळते ती त्याच पोकळ्यांतून. उरलेल्या बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं. प्राणवायू हवेतून जितका पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. म्हणजे मुळांना पाणी असूनही गुदमरायला होतं. मी एक साधी परीक्षा केली, कुणालाही घरी करता येईल. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटं दाबायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. कुंपणाकडच्या झुडपांखाली पाणी तीन मिनिटांत जिरलं. तिरक्या पट्ट्यावर चाळीस मिनिटांनंतरही डब्यात पाणी होतं. मी उठून चहा करून आले, तरी होतं. अशा जमिनीवर महागातलं बी टाकणं म्हणजे पाटावर टाकण्यासारखं आहे.

भाचीने एक शोधनिबंध पाठवला, डेव्हिड कोल आणि नील बेफिल्ड यांचा, 1993 सालचा. तुडवल्याने वनस्पतींचं काय होतं ते मोजायची एक ठरावीक पद्धत त्यांनी त्यात मांडली आहे: अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पट्ट्या आखायच्या आणि त्यांवरून 25, 75, 200, 500 अशा ठरलेल्या खेपा चालायचं. मला ती वाचून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. या प्रकारच्या अभ्यासांतून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही आपल्या सदरातल्या उत्तरात नव्हत्या. एक, बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या खेपांतच होतं. पुढच्या शेकडो खेपा त्यात त्या मानाने थोडीच भर घालतात. म्हणून ‘सगळ्यांनी जरा पसरून चाला म्हणजे गवत वाचेल’ हा सल्ला उलटा आहे. पसरून चाललं की सगळंच जातं. पाय एका जागी आणले तर बाकीचं वाचतं. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. दाट झाडीखालच्या पसरट, पातळ पानांच्या, उभ्या वाढणाऱ्या वनस्पती तुडवण्याला सगळ्यात आधी बळी पडतात, आणि तुडवणं सोसणाऱ्या बुटक्या, तारेसारख्या गवतांना बहुधा ऊन लागतं. उजेड पकडायला पान पातळ आणि मोठं हवं, पाय सोसायला लहान आणि कडक हवं. एकाच पानाला दोन्ही कसं जमायचं?

तेव्हा सावलीही सोसेल आणि दिवसभराची वर्दळही सोसेल असं रोप शोधणं मी सोडून दिलं. एखाद्या वेळी पडलेला पाय चालवून घेणारी रोपं आहेत, रोजची वाट चालवून घेणारं मला भेटलेलं नाही. जागेची वाटणी केली: पायांना वाट, उरलेली जागा झाडांना. वाट 21 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद, म्हणजे एकूण जागेचा आठवा हिस्सा. आठवा हिस्सा सोडला आणि सात हिस्से हाती आले.

वाट कुठून काढायची यावरून सभेत तास गेला. एका सदस्यांना ती काटकोनात, कडेकडेने हवी होती, म्हणजे ‘शोभेल’. मी पायांचा नकाशा टेबलावर पसरला. लोक जिथून जातात तिथूनच वाट काढायची. कोपरा चुकवून जाणाऱ्या माणसाला आपण कोपरा शिकवू शकत नाही, फार तर तिथे नवा उघडा पट्टा तयार करू शकतो. रुंदी 1.2 मीटर यासाठी की बाबागाडी घेतलेलं माणूस आणि समोरून येणारं माणूस यांपैकी कुणालाही कडेच्या रोपांवर उतरावं लागू नये. वाटेच्या कडा नेहमी अरुंदपणामुळे मरतात.

वाट बांधताना एक अनर्थ थोडक्यात टळला. नेमलेल्या कंत्राटदाराने सांगितलं की फूटभर खणून, काँक्रीट ओतून, दोन्ही बाजूंना 15 सेंटीमीटर नवी लाल माती पसरू. झाडाची मुळं खोल असतात, त्यांना काही होत नाही, असंही वर. मुळं खोल असतात ही समजूत फार जुनी आणि फार महागात पडणारी. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या 30 सेंटीमीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच पसरतात. फूटभर खणलं की तीच तुटतात, आणि वर मातीचा थर दिला की उरलेल्यांची हवा बंद होते. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंडे वाळायला लागतात आणि तोवर कंत्राटदार कुणाला आठवत नाही.

आम्ही खणलंच नाही. आहे त्या जमिनीवर धूळ चाळून काढलेली खडी पसरली, कारण खडीतून हवा-पाणी जातं, आणि त्यावर सांधे मोकळे ठेवून ठोकळे बसवले. सांध्यांतही सिमेंट नाही, बारीक खडीच. वाट आजूबाजूपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर उंच झाली, तेवढा उतार दोन्ही कडांना लाकडाच्या चिपांनी जुळवून घेतला. बाकाकडे आणि नळाकडे कमी लोक जातात, तिथे सुटे दगड टाकले, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 60 सेंटीमीटर. हे अंतर पुस्तकातून घेतलं नाही. ओल्या मातीवर आठ जणांना चालायला लावून मोजलं. दगडाचा माथा जमिनीच्या पातळीत हवा. वर आला तर ठेच लागते, खाली गेला तर डबकं होतं.

मग उरलेल्या जागेची घट्ट माती. इथे मी पूर्वी केलेली चूक सांगते, कारण ती सगळेच करतात. चिकणमाती सैल व्हावी म्हणून मी दोन पोती वाळू मिसळली होती. थोड्या वाळूने चिकणमाती सैल होत नाही. वाळूच्या कणांमधली जागा चिकणमातीनेच भरते आणि सगळं मिळून जास्तच घट्ट बसतं. माती मोकळी करतो तो पालापाचोळा आणि त्यामागून येणारी गांडुळं. झाडाखाली कुदळ चालवता येत नाही, म्हणून काट्याने, जाड मुळं चुकवत, वीत-वीत अंतरावर नुसती भोकं पाडली आणि ती कुजलेल्या पानांच्या खताने भरली. हे वाफसा आल्यावरच करायचं. ओल्या मातीत काटा फिरवला तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात, कोरड्या मातीत तो शिरतच नाही. आणि ओली जमीन पायाखाली सगळ्यात जास्त दबते, हेही इथेच सांगून टाकते. पाऊस थांबताच ‘जरा तण काढून घेऊ’ म्हणून आत शिरणारी मीच होते.

आंब्याच्या खालच्या काही फांद्या जाणकार माणसाकडून उतरवून घेतल्या. एका वर्षात हिरव्या डेऱ्याच्या चौथाईहून जास्त काढायचं नाही, आम्ही त्याच्याही बरंच आत राहिलो. तेवढ्यावर कवडशांचा दीड तास वाढला. नकाशा पुन्हा काढला तेव्हा खात्री पटली.

रोपांबद्दल आता थोडक्यात, कारण हे आपल्या सदरात आलेलंच आहे. वाटेच्या कडेला बुटका मोंडो ग्रास लावला. नावात ग्रास असला तरी तो गवत नव्हे, शतावरीच्या कुळातला आहे. गडद सावली चालते, कापावा लागत नाही, चुकून पडलेला पाय चालतो, रोजचा चालत नाही. जुड्या फोडून 12 सेंटीमीटर अंतरावर लावल्या. वाढतो फार सावकाश. पहिल्या वर्षी शेजारी विचारत होते की हे लावलंय की उगवलंय. दोन पावसाळे गेल्यावर गालिचा जुळला. तोपर्यंत मधल्या उघड्या मातीवर चिपांचं आच्छादन ठेवलं नसतं तर तणांनीच जागा घेतली असती. बुंध्याजवळ नेचे, आणि बुंध्याला लागून एक वीत काहीच नाही, चिपाही नाहीत, कारण ओलं आच्छादन सालीला चिकटून राहिलं की साल कुजते. कवडसे जास्त असलेल्या पूर्वेच्या कडेला कार्पेट गवत अजून आहे; ते आता बोटभर उंच ठेवते, खत अगदी बेताचं देते. सावलीतल्या गवताला नत्र जास्त झालं की ते आणखी लुसलुशीत होऊन झोपतं.

एका रोपाबद्दल मात्र आपल्याशी वाद आहे. आपल्या सहा नावांत वेडेलिया आहे. पिवळी फुलं, भराभर पसरतं, रोपवाटिकेत सहज मिळतं, सगळं खरं. पण ते भराभर पसरणं आपल्या कुंपणाशी थांबत नाही. जगातल्या सर्वात उपद्रवी आक्रमक प्रजातींपैकी 100 प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रसिद्ध केली, तिच्यात हे रोप आहे. त्याच्या छाटलेल्या तुकड्यालाही मुळं फुटतात, म्हणजे कचऱ्याबरोबर गेलेलं एक पेर ओढ्याकाठी नवा संसार थाटतं. मी लावलेलं उपटायला मला दीड वर्ष लागलं, अजूनही नळापाशी कधी डोकं वर काढतं. मी मारलेल्या चारांत ते आहे, आणि ते एकच मुद्दाम मारलं.

प्लास्टिकच्या गवताचा प्रस्तावही आमच्या सभेत आला होता. सावलीत ते शेवाळून निसरडं होतं आणि खालची माती आणखी बंद होते. विषय पाच मिनिटांत संपला.

शेवाळावरून आठवलं. ज्या ओलसर, घट्ट, अंधाऱ्या जागेत काहीच येत नाही तिथे शेवाळ आपण होऊन येतं. त्याला खरी मुळं नसतात, पाणी ते अंगानेच पितं, त्यामुळे घट्ट मातीशी त्याचं वैर नाही. जपानात क्योतोमधल्या सैहो-जी मंदिराची बाग शेवाळासाठीच प्रसिद्ध आहे, सुमारे 120 प्रकारचं शेवाळ तिथे आहे. तिथेही लोक आखलेल्या वाटेवरूनच चालतात, आणि गर्दी वाढल्यावर 1977 पासून आगाऊ परवानगीशिवाय प्रवेशच बंद झाला. आमच्या जिन्यामागच्या कोपऱ्यात चार चौरस मीटर शेवाळ आहे. सफाई करणाऱ्या मावशी ते खरवडून काढायच्या; आता मी त्यांना ते राखायला सांगितलंय आणि त्या मला काय समजतात ते मी विचारलेलं नाही.

सगळं जमलं असं मी म्हणणार नाही. बाकासमोर मुलं उभी राहून बोलतात, पाय घासतात. तिथे मोंडो तीनदा लावला आणि तीनदा गेला. आता तिथे 8 सेंटीमीटर जाडीचा चिपांचा थर आहे, वर्षातून एकदा भर घालते, आणि काही लावत नाही.

आपल्या सदरात यापुढे असा प्रश्न आला तर रोपांची नावं देण्याआधी तिथून रोज किती जण जातात आणि ऊन किती तास येतं एवढं विचारून घ्यावं, ही विनंती. सोबत आमच्या जागेचा नकाशा जोडला आहे, प्रमाण 1:100, ऊन पिवळ्या आणि पाय तांबड्या शाईत. छापायला जागा नसेल तर राहू द्या, पण लहान करून छापणार असाल तर खालची मोजपट्टी कापू नये.

आपली,
एक निवृत्त आरेखक